सिलेक्टच्या आधी फ्रॉम

एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, आणि तिच्यात विचार एका क्रमाने करायचा आणि लिहायचे दुसऱ्याच क्रमाने. डोक्यात आधी येतात ती टेबले. थकबाकी पाहायची तर कर्जखाती हवीत, त्यांना हप्त्यांचे टेबल जोडायला हवे, बंद झालेली खाती वगळायला हवीत. नेमके कोणते कॉलम दाखवायचे हा प्रश्न सगळ्यात शेवटी सुटतो, कित्येकदा अहवाल मागणाऱ्याला फोन केल्यावरच. डेटाबेसही क्वेरीचा, म्हणजे त्याला विचारलेल्या प्रश्नाचा, अर्थ साधारण याच क्रमाने लावतो: आधी फ्रॉम (कोणती टेबले), मग व्हेअर (कोणत्या अटी), मग ग्रुप बाय आणि हॅविंग (गट आणि गटांवरच्या अटी), आणि त्यानंतर सिलेक्ट (कोणते कॉलम). लिहिताना मात्र सिलेक्ट पहिल्या ओळीत बसतो, कारण आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ही भाषा मांडली तेव्हा ती इंग्रजी वाक्यासारखी वाचता यावी असा त्यांचा हेतू होता, आणि इंग्रजीत आज्ञा द्यायची तर क्रियापद आधी येते. आपण मराठीत 'या टेबलातून, या अटीत बसणाऱ्या ओळींचे, हे दोन कॉलम काढ' असेच म्हणतो. त्यामुळे नव्या मुलांना शिकवताना डेटाबेसचा क्रम समजावून सांगावा लागत नाही. लिहिताना तो उलटा का करायचा, एवढेच सांगावे लागते.

एसक्यूएल एडिटरमधल्या, म्हणजे क्वेरी लिहिण्याच्या आणि चालवण्याच्या साधनांमधल्या, सोयींविषयी बोलताना बहुतेक जण किती टायपिंग वाचले याचा हिशेब मांडतात. मला तो हिशेब गौण वाटतो. क्वेरी लिहिणाऱ्याचा वेळ टायपिंगमध्ये फारसा जातच नाही. तो जातो टेबलांची नावे आठवण्यात, जोडणी बरोबर झाली का हे पडताळण्यात आणि काही महिन्यांपूर्वीची स्वतःचीच क्वेरी पुन्हा समजून घेण्यात. म्हणून जी सोय विचाराचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम यांतले अंतर कमी करते ती खरी, आणि उरलेल्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही, असे माझे मत वर्षानुवर्षे याच कामात राहून झाले आहे.

याचे सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे नावे सुचवणारी सोय. सिलेक्ट लिहून स्पेस दिली की एडिटर बिचारा गोंधळतो, कारण कोणत्या टेबलातले कॉलम सुचवायचे हे त्याला अजून कळलेलेच नसते. मग तो एक तर गप्प बसतो किंवा स्कीमातली (डेटाबेसच्या आराखड्यातली) दिसतील ती सगळी नावे समोर ओततो. अनुभवी माणसे यावर एक साधी युक्ती करतात: आधी सिलेक्ट, त्याच्याखाली थेट फ्रॉम, टेबल, त्याचे एक-दोन अक्षरी टोपणनाव आणि जॉइन (दुसऱ्या टेबलाची जोडणी) हे सगळे लिहून टाकायचे आणि मग कर्सर वर नेऊन कॉलम भरायचे. आता टोपणनाव आणि टिंब टाकले की त्याच टेबलाचे कॉलम, त्यांच्या डेटाटाइपसह, समोर उभे राहतात. काही साधनांनी हीच युक्ती संक्षेपात बांधली आहे. रेडगेट कंपनीच्या एसक्यूएल प्रॉम्प्ट या साधनामध्ये 'एसएसएफ' टाइप करून टॅब दाबला की सिलेक्ट, तारांकन (म्हणजे 'सगळे कॉलम') आणि फ्रॉम एकदम उमटतात आणि कर्सर टेबलाच्या जागी जाऊन थांबतो. टेबल भरून झाले की तारांकनाशी परत यायचे आणि त्याचा विस्तार करून कॉलमांची पूर्ण यादी मिळवायची. डेटाग्रिप या एडिटरमध्येही हा विस्तार होतो. तारांकन प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष कामकाजात चालणाऱ्या, क्वेरीत ठेवू नये हे सगळेच सांगतात, पण चाळीस कॉलमांची नावे हाताने लिहायची वेळ आली की तो उपदेश मागे पडतो. विस्ताराची सोय असली की तो पाळला जातो.

मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सी-शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिंक नावाची क्वेरी लिहिण्याची सोय आणली तेव्हा फ्रॉम मुद्दाम पहिला ठेवला, तोही एडिटरला कॉलम सुचवता यावेत म्हणून. डकडीबी या डेटाबेसमध्ये फ्रॉमपासून क्वेरी सुरू करता येते, आणि गूगलने २०२४ मध्ये मांडलेल्या पाइप पद्धतीतही आधी टेबल आणि मग एकेक पायरी असाच क्रम आहे. एवढ्या जुन्या भाषेचे व्याकरण एडिटरच्या सोयीसाठी वाकवावेसे वाटते, यातच बरेच काही आले.

जॉइनच्या अटी सुचवण्याच्या बाबतीत मात्र एडिटर डेटाबेसच्या शिस्तीवर अवलंबून असतो. फॉरेन की, म्हणजे कोणत्या टेबलाचा कोणता कॉलम दुसऱ्या कोणत्या टेबलाशी जोडलेला आहे याच्या नोंदी, जाहीर केलेल्या असतील तर जोडणीची अट सुरू करणारा 'ऑन' लिहिताच पूर्ण अट तयार मिळते. जुन्या व्यवस्थांमध्ये, विशेषतः ज्यांचा डेटा एका डेटाबेसातून दुसऱ्यात असा अनेकदा हलवला गेला आहे त्यांच्यात, या कीज जाहीर केलेल्या नसतात. सगळी नाती प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असतात आणि ती माणसे निवृत्त झालेली असतात. अशा ठिकाणी महागातला महाग एडिटरही केवळ कॉलमाचे नाव जुळले म्हणून काहीतरी सुचवतो, आणि ते निमूटपणे स्वीकारले तर शाखेचा क्रमांक शिपायाच्या क्रमांकाला जोडला जाऊ शकतो.

ज्यांनी ऑरॅकल डेटाबेसच्या एसक्यूएल-प्लस या आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनावर काम शिकले त्यांना आजच्या सोयींची किंमत वेगळी कळते. तिथे शेवटची क्वेरी बफरमध्ये, म्हणजे साधनाच्या तात्पुरत्या स्मृतीत, राहायची. 'एल' दाबले की ती ओळींच्या क्रमांकांसह दिसायची आणि चालू ओळीपुढे तारांकन असायचे. तिसऱ्या ओळीत चूक असेल तर ३ टाइप करायचे, मग 'सी', तिरपी रेघ, चुकीचा शब्द, तिरपी रेघ, बरोबर शब्द. ओळीच्या शेवटी काही जोडायचे असेल तर 'ए', आणि जोडलेला शब्द आधीच्या शब्दाला चिकटू नये म्हणून त्यानंतर दोन स्पेस. मग नुसती तिरपी रेघ दिली की क्वेरी चालायची. 'इडी' म्हटले की तीच क्वेरी बाहेरच्या एडिटरमध्ये उघडायची, विंडोजवर बहुधा नोटपॅडमध्ये. या व्यवस्थेत क्वेरीची मांडणीही साधनाच्या स्वभावाप्रमाणे ठरायची, कारण एसक्यूएल-प्लसच्या मूळ सेटिंगमध्ये क्वेरीच्या मध्येच रिकामी ओळ आली की क्वेरी तिथेच संपली असे धरले जाते आणि पुढचा भाग नवी आज्ञा समजून त्रुटी येते. ती सेटिंग बदलता येते, पण त्या काळात वाढलेल्या अनेकांना सलग दोनशे ओळी एकही मोकळी जागा न सोडता लिहायची सवय लागली ती यातूनच. आज त्यांचा कोड वाचणाऱ्या तरुणांना तो दाटीवाटीचा आणि बेशिस्त वाटतो. त्यात बेशिस्त काही नाही, ते साधनाचे वळण आहे. डीबीव्हर या आजच्या एडिटरमध्येही रिकाम्या ओळीला क्वेरीचा शेवट मानायचे की नाही याची सेटिंग आहे, आणि मोकळ्या ओळी सोडून लिहिणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी पाहून घ्यावी.

निवडलेला भागच चालवण्याची सोय ही मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तिच्याविषयी सगळ्यांत कमी बोलले जाते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या मॅनेजमेंट स्टुडिओ या एडिटरमध्ये काही मजकूर निवडून एफ५ दाबले की तेवढाच चालतो. डीबीव्हरमध्ये कंट्रोल-एंटर कर्सर ज्या क्वेरीत आहे ती चालवते आणि निवड केलेली असेल तर फक्त निवड. गुंतागुंतीची क्वेरी आतून बाहेर तपासायची असते. सगळ्यांत आतली सबक्वेरी (क्वेरीच्या पोटातली क्वेरी) निवडून चालवायची, ओळींची संख्या पाहायची, मग तिच्याभोवतीचा भाग, मग जॉइन. जॉइननंतर ओळी अचानक दुप्पट झाल्या तर घोटाळा कोणत्या पायरीवर झाला हे लगेच कळते. अहवाल दुप्पट बेरीज दाखवतो म्हणून तक्रार येते तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा कारण हेच असते: एका खात्याला दुसऱ्या टेबलात दोन ओळी असतात आणि कोणीतरी सम (बेरीज) करून मोकळे झालेले असते. विथ वापरून क्वेरीचे नाव दिलेले तुकडे केले की ही तपासणी आणखी सोपी होते, कारण शेवटच्या सिलेक्टमध्ये कोणत्याही तुकड्याचे नाव घालून तेवढाच निकाल पाहता येतो.

मात्र हीच सोय धारदारही आहे. डिलीटची ओळ वर आणि व्हेअरची ओळ खाली अशी मांडणी असेल, आणि माउसने निवड करताना खालची ओळ सुटली, तर एडिटर सांगितलेले काम अगदी प्रामाणिकपणे करतो. म्हणून अपडेट आणि डिलीट लिहिताना मी व्हेअर त्याच ओळीत ठेवतो, मग फॉरमॅटर (क्वेरीची मांडणी आपोआप करणारी सोय) काहीही म्हणो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये यावर एक मिस्कील इलाज आहे. व्हेअरमध्ये की (ओळ ओळखण्याचा कॉलम) नसलेले आणि लिमिटही (ओळींच्या संख्येची मर्यादा) नसलेले अपडेट किंवा डिलीट नाकारणारा जो 'सेफ अपडेट्स' पर्याय आहे, त्याचे दुसरे अधिकृत नाव 'आय ॲम अ डमी' असे आहे, आणि मायएसक्यूएलच्या वर्कबेंच या एडिटरमध्ये तो मुळातच चालू असतो. या नकाराची त्रुटी ११७५ पाहून वैतागणारे लोक सगळ्यांत आधी तो बंद करतात. डीबीव्हरमध्ये जोडणी प्रॉडक्शनची म्हणून नोंदवली की तिच्या टॅबला वेगळा रंग मिळतो, मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये खालच्या पट्टीचा रंग जोडणीनुसार ठेवता येतो. टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या खिडक्या शेजारीशेजारी उघड्या असताना डोळ्यांना रंग आधी दिसतो, सर्व्हरचे नाव नंतर.

यादी तयार करण्याच्या कामाविषयी थोडे विषयांतर करतो, कारण कोणत्याही बँकेत किंवा विमा कचेरीत डेटावर काम करणाऱ्याच्या दिवसातला मोठा तुकडा यातच जातो. एक्सेलमध्ये खातेक्रमांकांचा कॉलम येतो आणि 'एवढ्यांची माहिती काढून द्या' असा निरोप असतो. प्रत्येक क्रमांकाला अवतरणचिन्ह आणि स्वल्पविराम लावून तो इन-च्या ('या यादीतला' अशा अटीच्या) कंसात बसवायचा. काही जण एक्सेलमध्येच सूत्र लिहून हे करतात आणि मग ते सूत्र जपून ठेवलेली फाइल शोधत बसतात. एडिटरमध्ये आल्ट दाबून माउस उभा ओढला की सगळ्या ओळींच्या सुरुवातीला एकाच वेळी लिहिता येते, आणि व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक कर्सर ठेवता येत असल्याने क्रमांकांची लांबी वेगवेगळी असली तरी बिघडत नाही. यादी लांबली तर ऑरॅकलच्या वर्षानुवर्षे वापरात असलेल्या आवृत्त्या १००० पेक्षा जास्त नोंदी असलेली यादी नाकारतात. तेव्हा यादीचे तुकडे करण्याऐवजी ती तात्पुरत्या टेबलात भरावी. आणि यादी वर्डमधून किंवा मेलमधून आली असेल तर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे आलेली असतात, जी डोळ्यांना सारखीच दिसतात पण डेटाबेसला चालत नाहीत. व्हीएस कोड अशा फसव्या अक्षरांभोवती चौकट काढून दाखवतो, आणि केवळ एवढ्यासाठी मी पाठवलेला मजकूर आधी तिथे उघडून पाहतो.

आता फॉरमॅटर. सगळी क्वेरी एका लांब ओळीत आलेली असते, विशेषतः ती प्रोग्रामच्या लॉगमधून उचललेली असेल तेव्हा, आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ किंवा कंट्रोल-एफ७ दाबल्यावर ती उलगडते, तेव्हा वाटणारे समाधान खरे आहे. पण फॉरमॅटरचे काम देखणेपणाचे नाही. चांगल्या मांडणीमुळे वाचणाऱ्याची नजर सिलेक्ट ओलांडून थेट फ्रॉमवर उतरू शकते, म्हणजे लिहिताना उलटा झालेला क्रम वाचताना पुन्हा सुलटा करता येतो. प्रत्येक जॉइन नव्या ओळीवर आणि त्याची अट त्याच्याखाली थोडी आत असली की कोणती अट जोडणीची आणि कोणती गाळणीची हे वेगळे दिसते. ग्राहकांना लेफ्ट जॉइनने, म्हणजे कर्ज नसलेले ग्राहकही यादीत राहतील अशा जोडणीने, कर्जे जोडली आणि कर्जाची स्थिती 'चालू' असावी ही अट व्हेअरमध्ये लिहिली, तर ज्यांच्याकडे कर्जच नाही असे ग्राहक मुकाट्याने गळून पडतात आणि लेफ्ट जॉइनचा साधा जॉइन होतो. एका ओळीत कोंबलेल्या क्वेरीत ही चूक दिसत नाही. ओळी मोकळ्या केल्या की उजव्या टेबलाचे टोपणनाव व्हेअरखाली उठून दिसते आणि वाचणारा थबकतो.

फॉरमॅटर फसवतोही. शाखा पुणे किंवा शाखा नाशिक, आणि थकबाकी शून्याहून जास्त, अशा तीन अटी ऑर आणि अँडने कंसाविना जोडल्या आहेत असे समजा. बहुतेक फॉरमॅटर या तीन अटी एकाखाली एक, एकाच रेषेत बसवतील, आणि वाचणाऱ्याला वाटेल की थकबाकीची अट दोन्ही शाखांना लागू आहे. प्रत्यक्षात अँड आधी बांधला जातो, त्यामुळे ती अट नाशिकपुरती राहते आणि पुण्याची सगळी खाती, थकबाकी असो वा नसो, यादीत येतात. मांडणी जितकी नीटनेटकी, तितका हा गैरसमज पक्का. कंस घातले असते तर फॉरमॅटरने आतला गट आणखी आत सरकवून दाखवला असता. साधन कंसांचा मान राखते, मनातल्या हेतूचा नाही. म्हणून ऑर दिसला की कंस, हा नियम मी माझ्याबरोबर काम करणाऱ्यांवर जवळजवळ लादला आहे.

मोठ्या अक्षरांचा वाद मला जुनाट वाटतो. सिलेक्ट, फ्रॉम हे शब्द मोठ्या लिपीत लिहायची प्रथा एकरंगी पडद्यांच्या काळात उपयोगाची होती. आता एडिटर त्यांना रंग देतो तेव्हा ओरडून लिहायची गरज उरत नाही. स्वल्पविराम ओळीच्या शेवटी की सुरुवातीला, हा वाद मात्र निव्वळ आवडीचा नाही. तो सुरुवातीला असला की यादीतला शेवटचा कॉलम काढताना किंवा तात्पुरता बंद करताना वरच्या ओळीला हात लावावा लागत नाही. दिसायला ते जरा विचित्र दिसते, आणि बिगक्वेरी किंवा डकडीबीसारख्या डेटाबेसांत यादीच्या शेवटी लटकणारा स्वल्पविराम चालत असल्याने तिथे त्याची गरजही नाही. ऑरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरवर काम करणाऱ्याने तो सुरुवातीला ठेवावा असे मी म्हणेन, आणि चमूने वेगळे ठरवले तर वाद न घालता ते मान्य करेन.

कारण मांडणी एकट्याची नसते. प्रत्येकाच्या एडिटरमध्ये वेगळे नियम असले तर एक जण दोन शब्द बदलतो आणि गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) तीनशे ओळी बदललेल्या दिसतात. तपासणाऱ्याला त्या रानातून खरा बदल शोधावा लागतो. यावर उपाय म्हणजे नियम एडिटरमधून काढून कोडशेजारच्या फाइलमध्ये ठेवणे. एसक्यूएलफ्लफसारखे मुक्त साधन हेच करते: कोणता डेटाबेस, किती आत सरकवायचे, अक्षरे लहान की मोठी हे एका फाइलमध्ये लिहून ठेवले की सगळ्यांच्या यंत्रांवर तेच नियम लागतात, आणि नियम मोडला तर कोड जमा होण्याआधीच कळते. जुन्या फाइलींवर ते एकदम चालवायचे असेल तर तो बदल स्वतंत्र ठेवावा, त्यात एकही खरी सुधारणा मिसळू नये. गिटच्या २०१९ मधल्या २.२३ या आवृत्तीपासून असे निव्वळ मांडणीचे बदल ओळींचा इतिहास पाहताना वगळता येतात, म्हणजे कोणती अट मुळात कोणी लिहिली होती याचा माग पुसला जात नाही.

मराठी डेटावर काम करणाऱ्यांची एक अडचण या एडिटरांनी अजून मनावर घेतलेली नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाव एनव्हारचार (कोणत्याही लिपीतला मजकूर साठवणाऱ्या प्रकारच्या) कॉलममध्ये देवनागरीत साठवलेले असते, आणि व्हेअरमध्ये आपण तेच नाव साध्या अवतरणचिन्हांत लिहितो. अवतरणाआधी एन हे अक्षर नसेल तर तो मजकूर आधी डेटाबेसच्या जुन्या पद्धतीच्या कोडपेजमध्ये, म्हणजे ठरावीक अक्षरांच्या मर्यादित तक्त्यात, बदलला जातो. विंडोजमध्ये देवनागरीसाठी असे कोडपेजच नसल्याने प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते आणि क्वेरी शून्य ओळी परत करते. त्रुटी येत नाही, इशारा येत नाही. एडिटरच्या पडद्यावर नाव स्वच्छ मराठीत दिसत असते, म्हणून चूक क्वेरीत असेल अशी शंकाही येत नाही आणि माणूस डेटातच नाव नाही असे कळवून टाकतो. इन्सर्ट करताना हेच घडले तर प्रश्नचिन्हे कायमची साठवली जातात आणि मूळ नाव परत मिळत नाही. २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ प्रकारचे (सगळ्या लिप्या सामावणारे) कोलेशन, म्हणजे मजकूर साठवण्याचे आणि तुलनेचे नियम, निवडले तर ही भानगड टळते, पण चालू असलेल्या डेटाबेसचे कोलेशन सहसा कोणी बदलत नाही.

अस्तित्वात नसलेल्या टेबलाच्या नावाखाली लाल रेघ ओढणाऱ्या एडिटरला, एन नसलेल्या अवतरणांत देवनागरी अक्षर दिसले तर तशीच रेघ ओढणे अवघड नसावे. तोवर मी क्वेरी पाठवण्याआधी शोधपेटीत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शोधायच्या अक्षरांचा नमुना, टाकून अवतरणचिन्हाला लागून आलेली देवनागरी अक्षरे शोधतो, आणि त्या प्रत्येक अवतरणाआधी एन आहे का ते पाहतो.